लोकमान्य टिळक आणि प्रारब्धाचा प्रश्न

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे चरित्र आपल्या घरोघरी ठाऊक आहे. केसरी, गणेशोत्सव, शिवजयंती, मंडाले आणि स्वराज्याची चळवळ ही नावे उच्चारली की त्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. त्या राजकारणाची हकीकत पुन्हा सांगावी असा येथे हेतू नाही. एका प्रश्नापुरतेच त्यांच्या आयुष्याकडे पाहावयाचे आहे. मनुष्य जे कर्म करतो ते तो स्वतः करतो, की त्याचे प्रारब्धच त्याच्याकडून ते करवून घेते? देवळात येणाऱ्या मंडळींच्या तोंडी हा प्रश्न ह्या शब्दांत क्वचितच येतो. परंतु पोराने परीक्षा दिली नाही, औषधाला पैसे घालावेत की नाही, मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे, भावाने शेत दाबले, अशा एकेका निमित्ताने तो रोज ओट्यावर येऊन बसतो. आणि बहुधा नशिबात असेल ते होईल एवढे बोलून आपण सर्व जण उठून घरी जातो. लोकमान्यांनी हा प्रश्न असा अर्ध्यावर सोडला नाही. त्यांनी त्यावर ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आणि तेही अशा जागी बसून, जेथे त्यांचे हिंडणेफिरणे, लिहिणे आणि जेवण ही सर्व दुसऱ्याच्या हाती होती.

त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शाळाखात्यात होते आणि संस्कृत व गणित ह्या दोन्ही विषयांत निष्णात होते. आई पार्वतीबाई ह्यांनी पुत्र व्हावा म्हणून सूर्याची खडतर उपासना केली होती, असे चरित्रकार सांगतात. आई लवकर गेली. १८७१ साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे माहेरचे नाव तापी. सासरी ते सत्यभामाबाई असे झाले. तापीकाठच्या आपल्यासारख्या वाचकांना हा तपशील कौतुकाचा वाटेल म्हणून मुद्दाम नमूद केला. दुसऱ्याच वर्षी, १८७२ साली, गंगाधरपंत पुण्यास शेवटच्या दुखण्याने अंथरुणास खिळले. तेव्हा सोळा वर्षांचा हा मुलगा त्यांच्या उशाशी बसून गीतेवरील एक प्राकृत टीका त्यांना वाचून दाखवीत असे. गीतेशी त्यांचा पहिला परिचय असा मरणाऱ्या पित्याच्या अंथरुणापाशी झाला, हे त्यांनी स्वतःच पुढे प्रस्तावनेत सांगितले आहे. जी गीता लढावयास नको म्हणणाऱ्या अर्जुनाला लढावयास उभा करण्याकरिता सांगितली, तिच्यात केवळ ज्ञान आणि भक्तीच कशी सांगितली असेल, ही शंका त्यांच्या मनात शिरली व ती चाळीस वर्षे निघाली नाही.

पोरका झालेला हा विद्यार्थी डेक्कन कॉलेजात गेला तेव्हा त्याची प्रकृती अगदीच किरकोळ होती. आपल्या नशिबी हेच शरीर आले असे म्हणून त्याने ते स्वीकारले नाही. कॉलेजातील पहिले वर्ष त्याने अभ्यास जवळजवळ बाजूस ठेवून तालीम, पोहणे आणि होडी वल्हवणे ह्यांत घालविले. त्याचे फळ पुढे कारागृहात मिळाले.

त्याच कॉलेजात त्यांना केरूनाना छत्रे ह्यांच्यासारखे गणिताचे व ज्योतिषाचे गुरू लाभले. ही गोष्ट प्रस्तुत विषयाला फार महत्त्वाची आहे. नियतीवादाला जर कोणते शास्त्र सर्वांत अनुकूल असेल तर ते आकाशाचे गणित होय. पुढील शंभर वर्षांत ग्रहण केव्हा लागेल, गुरू कोणत्या राशीस केव्हा येईल, हे आज बसून मांडता येते. तेथे कोणाच्या इच्छेला वाव नाही. ह्या गणितात टिळकांची बुद्धी एवढी रमली की १८९३ साली त्यांनी ओरायन हा ग्रंथ प्रसिद्ध करून, वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळापर्यंत वेदांची प्राचीनता मागे नेली. १९०३ साली आर्यांच्या उत्तरध्रुवाकडील मूळ वसतिस्थानाविषयीचा दुसरा ग्रंथ लिहिला. त्यांची अनुमाने आज सर्व विद्वान मान्य करीत नाहीत. ते येथे गौण आहे. जो मनुष्य आकाशातील निश्चित गतीचा हिशोब एवढ्या बारकाईने करू शकत होता, त्याने त्या गतीवरून माणसाची गतीही तशीच ठरलेली आहे असा निष्कर्ष काढला नाही, एवढेच लक्षात घ्यावयाचे. पंचांग रोज उघडणाऱ्या घरात प्रस्तुत लेखक वाढला आहे, म्हणून त्यास ह्या गोष्टीचे विशेष वाटते. पंचांग सूर्योदय सांगते. सूर्योदयाला कोणी उठावे हे ते सांगत नाही.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली केसरी व मराठा, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८९० साली तिचा राजीनामा, असा हा क्रम चालू असता १८९६ सालचा दुष्काळ आला. दुष्काळात आपल्याकडील शेतकरी काय म्हणतो हे आपणांस ठाऊक आहे. पाऊस देवाच्या हातचा, तो रुसला, आपले भोग. टिळकांनी ह्या म्हणण्याचे दोन तुकडे केले. पाऊस माणसाच्या हाती नाही, हे खरे. परंतु पीक बुडाले असता सारा सूट मिळणे किंवा तहकूब होणे हे सरकारच्या स्वतःच्या दुष्काळविषयक नियमांतच लिहिलेले होते. ते मात्र माणसाच्या हातचे होते. सार्वजनिक सभेच्या द्वारे त्यांनी हे नियम मराठीतून छापून खेडोपाडी वाटविले आणि माणसे पाठवून शेतकऱ्यांस समजावून दिले. आभाळातून न आलेल्या पाण्याचा दोष कोणास देता येत नव्हता, पण सक्तीने वसूल होणारा सारा हाही आभाळातूनच येतो असे जे रयतेला वाटत होते, तो समज त्यांनी घालविला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला. अनेक प्रतिष्ठित मंडळी शहर सोडून गेली. टिळक राहिले, आणि हिंदूंकरिता रुग्णालय काढून रोग्यांची विचारपूस करीत हिंडले. १९०३ साली ह्याच प्लेगाने त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ ह्याला नेले. त्या वेळीही त्यांनी केसरीचे काम थांबविले नाही.

१८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. माक्स म्यूलर आदी विद्वानांनी खटपट केल्यामुळे सुमारे वर्षाने, १८९८ साली, त्यांची सुटका झाली; ती काही अटींवर झाली व त्या अटी त्यांनी मान्य केल्या. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पुढे जे घडले ते समजण्यास तिचा उपयोगच आहे.

आता १९०८ सालाकडे येऊ. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फुटून दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मृत्यू पावल्या. त्यासंबंधी केसरीत आलेल्या अग्रलेखांवरून २४ जून रोजी टिळकांस मुंबईत पकडण्यात आले. १३ जुलैपासून हायकोर्टात खटला चालला. न्यायमूर्ती दिनशा दावर हे न्यायासनावर होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांतर्फे जामिनाकरिता उभे राहिलेले वकील हेच होते! दैवाचा खेळ म्हणावयाचा तर ह्याहून अधिक काय असावयाचे? टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांवर चालले. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांस दोषी ठरविले. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. शिक्षेपूर्वी काही बोलावयाचे आहे काय, असे विचारता ते थोडेसेच बोलले. ज्यूरीचा निर्णय काही असो, आपण निर्दोष आहोत. मनुष्यांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्यावर ह्या न्यायालयाहून वरिष्ठ अशा शक्तीची सत्ता चालते. आणि आपण ज्या कार्याकरिता उभे आहोत ते आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या दुःखभोगानेच अधिक वाढावे अशी त्या शक्तीची इच्छा असू शकेल, असा त्या बोलण्याचा आशय होता. त्या इंग्रजी शब्दांची शिळा १९५६ साली त्याच न्यायालयात बसविण्यात आली. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड झाला. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले.

येथे विचारी वाचक अडखळेल. भवितव्य वरिष्ठ शक्तीच्या हाती आहे असे भर न्यायालयात सांगणारा मनुष्य दैववादीच नव्हे काय? आणि तसे असेल तर मनुष्याचा आत्मा स्वतंत्र आहे हे प्रतिपादन करणारे प्रकरण त्याने दोन अडीच वर्षांनी कसे लिहिले? त्या प्रसंगी तोंडातून एक निघाले आणि पुढे लेखणीतून दुसरे, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु टिळकांच्या बाबतीत ते म्हणणे लागू पडत नाही. दोन्ही विधाने एकाच विचाराची आहेत. ती एकत्र कशी नांदतात हे पाहण्याकरिता मंडालेस जावे लागेल.

प्रथम साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सप्टेंबर १९०८ मध्ये त्यांस ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. तेथे शिक्षा साध्या कैदेत बदलण्यात आली. लाकडी फळ्यांची ती बराक उन्हाळ्यात भट्टीसारखी तापे व थंडीत फटींतून वारा आत येई. मधुमेह होता; म्हणून आहारात मुख्यतः सातू. स्वयंपाकास एक मराठी कैदी दिलेला होता. पुस्तके मागविण्यास परवानगी होती व हळूहळू त्यांचा मोठा संग्रह झाला. त्यांतून मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून पन्नाशी उलटलेल्या ह्या कैद्याने जर्मन, फ्रेंच व पाली ह्या भाषांचा अभ्यास केला. शाई मिळत नसे. बांधलेल्या वह्या मिळत, त्यांची पाने मोजून त्यांवर आकडे घातलेले असत, आणि लिहावयास शिसपेन्सिल. ह्या साधनांनी १९१० च्या नोव्हेंबरात आरंभ करून १९११ च्या मार्चअखेर, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी गीतारहस्याचा खर्डा पुरा केला. त्या ग्रंथाच्या पंधरा प्रकरणांपैकी दहावे प्रकरण कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य ह्या नावाचे आहे.

ह्या प्रकरणात टिळकांनी आरंभी प्रतिपक्षाला पूर्ण मोकळीक दिली आहे. कर्माचा कायदा अटळ आहे. केलेले कर्म फळ दिल्यावाचून राहात नाही. परमेश्वरसुद्धा कोणावर मेहेरबानी वा कोणाचा द्वेष म्हणून सुखदुःख वाटीत नाही, तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणेच फळ देतो. ह्या कर्माला आदी नाही. मग मागच्या कर्माने आजची बुद्धी घडली, आजच्या बुद्धीने उद्याचे कर्म घडणार, अशी साखळी होते आणि तिच्यात मनुष्याला हालचालीला जागाच उरत नाही. आपल्या कीर्तनांतून नेहमी सांगितला जाणारा मुद्दा हाच, की बुद्धी कर्माच्या मागोमाग चालते. टिळक ह्या मुद्द्याला बगल देत नाहीत. उलट देह, इंद्रिये, मन आणि बुद्धी ही सर्व प्रकृतीची असल्यामुळे ती ह्या साखळीत गुंतलेलीच आहेत, असे ते स्पष्टपणे मान्य करतात. म्हणूनच पाश्चात्त्य पंडित ज्याला इच्छास्वातंत्र्य म्हणतात तो शब्द त्यांना पसंत नाही. इच्छा हा मनाचा धर्म, मन प्रकृतीचे, तेव्हा इच्छा स्वतंत्र कशी असेल? स्वतंत्र आहे तो आत्मा. तो परमेश्वराचाच अंश असल्यामुळे कर्माच्या साखळीतील कडी नव्हे. बादरायणाचार्यांचा आधार घेऊन ते विचारतात की हे कर, हे करू नको असे शास्त्र सांगते ते कोणाला उद्देशून? ज्याच्या हाती काहीच नाही त्याला आज्ञा करणे म्हणजे दगडाला उपदेश करणे होय.

परंतु आत्मा तर अकर्ता, मग तो ढकलतो कसा? ही अडचण खरी आहे. टिळकांनी तिला वाफेच्या दृष्टान्ताने उत्तर दिले आहे. मोकळ्या वाफेचा जोर कोठे दिसत नाही. तीच यंत्रात कोंडली म्हणजे यंत्रावर दाब पडू लागतो. त्याप्रमाणे मूळचा मुक्त असा आत्मा देहाच्या कोठडीत सापडला म्हणजे त्या कोंडण्यामुळेच देहेंद्रियांवर सुटकेच्या दिशेने एक दाब उत्पन्न होतो. हा दृष्टान्त तर्काने पूर्ण समाधान करतो असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. दृष्टान्ताने शंका शमते, संपत नाही. मात्र तो दृष्टान्त कोंडलेल्या माणसाने लिहिला आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

ह्याच्या जोडीला जुना सुताराचा दाखला येतो. सुतार कितीही कुशल असला तरी हत्यारावाचून त्याचे काम अडते. आत्म्याची हत्यारे म्हणजे देह व मन. ती बोथट असतील तर आत्म्याची प्रेरणा असूनही माणूस घसरतो. म्हणून स्वातंत्र्य हे एकदम पदरात पडत नाही. प्रथम ते फार थोडे असते. त्या थोड्याचा उपयोग करून हत्याराला धार लावावयाची, मग थोडे अधिक मिळते. असा थोडा थोडा केलेला प्रयत्न मरणानेसुद्धा फुकट जात नाही, हे गीतेचे आश्वासन टिळक येथे पुढे करतात. डेक्कन कॉलेजातील ते तालमीचे वर्ष ह्या ठिकाणी कोणास आठवले तर नवल नाही.

प्रारब्धाचे काय? आपण संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन प्रकार ऐकत आलो. टिळक बादरायणाचार्यांच्या आधाराने सांगतात की खरे प्रकार दोनच, ज्याचे फळ भोगावयास आरंभ झाला ते आणि ज्याचा आरंभ अद्यापि झालेला नाही ते. पहिले भोगूनच संपवावयाचे, कारण धनुष्यातून सुटलेला बाण परत बोलावता येत नाही. दुसरे मात्र ज्ञानाने समूळ नाहीसे करता येते. हा भेद ध्यानात आला म्हणजे न्यायालयातील ते बोलणे आणि हे प्रकरण ह्यांतील विरोध मावळतो. ज्यूरीने मत दिले. बाण सुटला होता. जे घडून चुकले त्याला टिळकांनी ईश्वरेच्छा म्हटले. आता सहा वर्षे कशी घालवावयाची हा बाण अजून भात्यात होता. तेथे त्यांनी ईश्वरेच्छेचे नाव घेतले नाही, पेन्सिल घेतली. सामान्यतः आपण नेमके ह्याच्या उलट करतो. झालेल्या गोष्टीबद्दल, असे केले असते तर, तसे केले असते तर, म्हणून वर्षानुवर्षे हळहळतो. आणि उद्याच्या गोष्टीबद्दल मात्र नशीब म्हणून हात जोडतो.

ह्याच्या उलट मत प्राचीन काळापासून आहे व ते केवळ आळशी लोकांचे आहे असे समजू नये. बुद्धाच्या काळी मक्खलि गोसाल नावाचा मोठा आचार्य होऊन गेला. दोऱ्याचा गुंडा फेकला असता तो जसा दोरा संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव ठरलेले जन्म संपेपर्यंत उलगडत जातो. दानाने, तपाने, संयमाने त्यात एक तसूचाही फरक होत नाही, असे त्याचे मत बौद्ध ग्रंथांत नमूद आहे. टिळकांच्या काळी जर्मनीत हेकेल ह्याने जडसृष्टीच्या नियमांवरून इच्छास्वातंत्र्य नाकारले होते. आजही मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांत ह्या मताचे विद्वान आहेत. ह्या लोकांपैकी पुष्कळांचे आचरण शुद्ध असते. तेव्हा असे मानणारा दुराचारी होतोच हे म्हणणे खोटे ठरेल. टिळकांचा आक्षेप निराळा आहे. सर्व ठरलेलेच असेल तर पाप आणि पुण्य, अपराध आणि क्षमा, गुरू आणि शिष्य ह्या जोड्यांतून अर्थच निघून जातो. गोसालाच्या मताप्रमाणे देवळात येणे, नवस बोलणे, एकादशी करणे ह्या सर्वांनी काहीच बदलावयाचे नसते. विशेष हे की आपल्यातील जो मनुष्य सर्व प्रारब्धावर सोपवितो तोच दुसऱ्या दिवशी पहाटे अभिषेकाला येतो. त्याच्या पायांना जे कळते ते त्याच्या तोंडाला कळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाकरिता वापरला तर तो सोसण्याचे बळ देतो. शेजाऱ्याच्या दुःखाकरिता वापरला की तोच शब्द निष्ठुर होतो. अमक्याची विधवा सून उपाशी आहे, तिचे प्रारब्ध. अमक्या जातीत तो जन्मला, त्याचे कर्म. हे बोलताना आपले स्वतःचे कर्तव्य किती सोयीने टळते हे पाहण्यासारखे आहे. स्वतः टिळकही येथे पूर्ण निर्दोष नव्हते. ज्या आत्म्याचे स्वातंत्र्य त्यांनी प्रत्येक देहात मानले, त्याला स्त्रियांच्या शिक्षणात आणि जातिभेदाच्या प्रश्नात वाट करून देण्यास ते कचरले. त्यांचे जिवलग मित्र आगरकर ह्यांनी ईश्वर व परलोक ह्यांविषयी श्रद्धा न ठेवताही ह्या बाबतीत अधिक धैर्य दाखविले. दोघांविषयी आदर ठेवूनही हे म्हणता येते.

मंडालेतील पहिल्या काळात अटींवर सुटका करून घेण्याविषयी सूचना आल्या. १८९८ साली त्यांनी अटी स्वीकारल्या होत्या. पूर्वीचे वळण हाताशी होते, वय झालेले, दुखणे जडलेले. साखळीच्या नियमाप्रमाणे पाहिले तर ह्या वेळीही होकारच यावयास हवा होता. त्यांनी नकार दिला. राजकारण सोडण्याच्या अटीवर बाहेर येणे म्हणजे जिवंतपणी मेल्यासारखे राहणे, असा त्यांचा हिशोब होता, व आपले किती आयुष्य उरले असेल हाही त्या हिशोबात त्यांनी धरला होता.

मग जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. तारेने बातमी आली. चार वर्षे भेट नव्हती आणि आता ती व्हावयाची नव्हती. त्या वेळी घरी भाच्यास पाठविलेल्या पत्रात त्यांनी आपला शोक थोडक्यात आवरून मुलांचा विचार केला. आपण स्वतः ह्याहून लहान वयात आईबापांस मुकलो होतो; अशा आपत्तीने मनुष्याने अधिक स्वावलंबी व्हावे; मुलांनी दुःखात अभ्यासाचा वेळ घालवू नये, असे त्यांनी कळविले. हे वाचून कोणास ते कठोर वाटतील. पण पत्नीचे मरण सुटलेला बाण होता आणि मुलांचा अभ्यास सुटावयाचा होता, हाच तो भेद. ग्रंथात तो लिहून वर्षच झाले होते.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री त्यांना पुण्यास घराच्या दाराशी आणून सोडण्यात आले. वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. त्या परत न मिळाल्यास काय, अशी चिंता मित्रांस वाटली. टिळकांस नव्हती, कारण ग्रंथ डोक्यात होता, तो पुन्हा लिहिता येणार होता. पुढे वह्या मिळाल्या आणि १९१५ च्या जूनमध्ये गीतारहस्य पुण्यात छापून निघाले.

त्याचे हिंदी भाषांतर आपल्या मध्यप्रदेशाच्या मातीतील एका मराठी माणसाने केले. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेले पंडित माधवराव सप्रे ह्यांनी १९०७ साली नागपुरास हिंदी केसरी काढून टिळकांचे विचार हिंदी प्रांतात नेले. १९०८ साली टिळकांप्रमाणे तेही राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले गेले. घरच्यांचा, विशेषतः वडील भावाचा, आग्रह एवढा पडला की त्यांनी माफी लिहून दिली व ते सुटले. त्या माफीचा त्यांना झालेला पश्चात्ताप दारुण होता. मित्र दूर झाले, आणि त्यांनी स्वतःही सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले व रामदासी संप्रदायाचा आश्रय केला. आता विचार करावा. सप्रे प्रारब्धवादी असते तर त्यांना पश्चात्ताप होण्याचे कारणच नव्हते. भावाचा हट्ट, सरकारचा धाक, सर्व काही ठरलेलेच होते असे म्हणून ते सुखाने झोपले असते. आपण निराळे वागू शकलो असतो असे ज्याला वाटते त्यालाच असे जळावे लागते. आणि आपण ह्यापुढे निराळे वागू शकतो हेही त्यालाच वाटते. सप्रे ह्यांनी प्रथम दासबोध हिंदीत आणला. नंतर ज्या माणसाने अट नाकारली त्याच माणसाचा ग्रंथ, ते आत्मस्वातंत्र्याचे प्रकरण धरून, माफी लिहून दिलेल्या ह्या माणसाच्या हातून हिंदीत उतरला. टिळकांनी हे काम त्यांना करू दिले, ह्यातही त्यांचे मत दिसून येते.

उरलेली सहा वर्षे टिळकांनी होमरूलची चळवळ, १९१६ चा लखनौ करार, विलायतेतील चिरोल खटला आणि त्यातील पराभव ह्यांत घालविली. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, मुंबईच्या सरदारगृहात त्यांचा अंत झाला.

शनवाऱ्यातील आपल्या कुटुंबांत तरुण मुलामुलींना मराठीपेक्षा हिंदी वाचणे अधिक सोपे जाते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यांना सप्रे ह्यांचे भाषांतर द्यावे. संपूर्ण ग्रंथ मोठा आहे व आरंभीची प्रकरणे नवख्यास जड जातात. परंतु दहावे प्रकरण तेवढेच काढून वाचता येते, आणि वडिलांनी मराठी व मुलाने हिंदी प्रत पुढे घेऊन बसल्यास शब्दांची अडचण दोघांचीही राहणार नाही.